कानसेन न्हाव्याचं बोलणं

आमचे धाकटे भावजी न्हावी. सलूनात त्यांचं नाव पडलं होतं कानसेन. जगातले बाकीचे न्हावी गिऱ्हाइकाचं डोकं खातात, हे मात्र मान डोलावत ऐकायचे. कुणाची सासू, कुणाचा साहेब, सगळं पोटात ठेवायचे. स्वतःचं म्हणाल तर अवाक्षर नाही. बायकोलाच कधी काही सांगितलं नाही, तिथं मी वहिनी कोण लागून गेले!

पुढे पार्किन्सन झाला, हात थरथरायला लागला. एकदा शाळेतल्या मास्तरांच्या कानाखाली वस्तरा लागला. नखाएवढंच कापलं, मास्तर हसलेसुद्धा. पण भावजींनी वस्तरा ठेवला तो ठेवलाच. माझा नवरा एकटाच सलून बघू लागला आणि हे घरी पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. दुखण्यानं चेहराही ताठरलेला, त्यामुळे आम्हाला वाटायचं, रुसलेत. कसला रुसवा घेऊन बसलात, माणूस आतून खचला होता. डॉक्टर म्हणाले, ही उदासीही आजाराचाच भाग आहे, गोळ्या घ्याच, पण समुपदेशनाच्या बाईंकडे बोलायलाही जा.

बोलायला, आणि हे! पहिल्या खेपांना यांनी त्या बाईंनाच बोलतं केलं. घरी येऊन सांगायचे, बाईंच्या मुलाला गणित जमत नाही हो. माझी जाऊ कपाळावर हात मारून घ्यायची. पण बाईही खमक्या. एक दिवस त्यांनी सरळ विचारलं, मास्तरांना लागलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? भावजी ढसाढसा रडले. रडतच बाहेर आले आणि वाटभर जावेशी बोलत राहिले. हात गेला म्हणजे मीच गेलो, तुला नुसतं ओझं झालोय. आवाज आधीच खोल गेलेला. जाऊ कान देऊन ऐकत होती आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली होती.

न्हाव्याच्या घरात एक नियम हाडीमाशी भिनलेला असतो: गिऱ्हाईक कळवळलं की हात तिथंच थांबवायचा. जावेनं तेच केलं. बरा व्हायला पाठवलेला माणूस रडत परत येतो, जळो मेलं ते समुपदेशन, म्हणाली आणि नेणंच बंद केलं. भावजी पुन्हा भिंतीकडे वळले.

बऱ्याच दिवसांनी बाईंचा फोन आला. जावेनं खरं ते सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ते रडले तेव्हाच बरं व्हायला सुरुवात झाली होती, अजूनही घेऊन या. जावेनं फोन ठेवला. मग भावजींकडे गेली आणि म्हणाली, चला, चुकलं माझं.

ते इतकं हळू बोलले, की तिला वाकून ऐकावं लागलं.

"नको. मी बोललो तर तू रडलीस. गप्प बसलेलंच बरं."

अजूनही ती रोज सकाळी विचारते, आज जाऊया का? आणि ते तिलाच विचारतात, तू जेवलीस का?