महाशिवरात्रीचा गणवेश

अंबरनाथच्या एका शिक्षिकेने माझ्या बापाला फसवलं. शाळेच्या गणवेशाने फसवलं.

आमची वाडी बारवी धरणाच्या जंगलात. बाप लाकडं तोडायचा, दुसऱ्यांची भातं लावायचा. बाई वाडीवर आल्या. म्हणाल्या, "पोरीला माझ्याकडे द्या. घरात हाताखाली राहील आणि माझ्याच शाळेत शिकेल." आई नको म्हणत होती. बाप म्हणाला, "बाई सोता मास्तरीन हाय. आनखी काय पायजे?" आणि मला दिलं.

मी बाईंचं बाळ सांभाळलं. भांडी, फरशी, दुपटी. बाई शाळेत जाताना दाराला बाहेरून कडी लावायच्या. शाळेची मला फक्त घंटा ऐकू यायची.

बाप वर्षातून एकदा यायचा, महाशिवरात्रीला, शिवमंदिराच्या जत्रेला. त्या सकाळी बाई मला निळा स्कर्ट, पांढरा शर्ट घालायच्या. स्वतःच्या हाताने रिबिनी बांधायच्या. "बोललीस तर वाडीवर जाऊन उपाशी मरशील," एवढंच सांगायच्या. बाप दारात उभा राहून बघतच राहायचा. देवाआधी मलाच नमस्कार करतो की काय, असं वाटायचं. महाशिवरात्रीला शाळेला सुट्टी असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

एका वर्षी जत्रेत त्याने स्टीलचा पेला घेतला. भांड्यांवर नावं कोरणाऱ्यासमोर बसला.

"नाव काय घालू, काका?"

"माजी पोर लिवून दील. साळंत हाय."

कोरणाऱ्याने चिटोरा दिला, पेन्सिल दिली. मी ती लाटण्यासारखी मुठीत धरली.

"लिव ना, बाय."

रांगेतल्या बाया मान काढून बघायला लागल्या. कोरणारा म्हणाला, "आज तर शाळा बंद. ही गणवेश घालून कुठं निघाली? नाटकात काम हाय काय?"

सगळे हसले. बापही हसला. त्याला वाटलं, हसायचं असतं. मग त्याने माझी मूठ बघितली. हसू गेलं. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. आजही कुणी पुढ्यात पेन ठेवलं की माझे कान तापतात.

आम्ही बाईंच्या घरी परतलो. वाटलं, आता बाप भांडेल. त्याने हात जोडले.

"बाई, पोरीनं तरास दिला तुमाला. डोक्यानं मंद हाय का?"

बाईंनी माझी रिबीन सरळ केली. मग म्हणाल्या, "काय करणार हो. मी खूप शिकवलं. तिच्या डोक्यात शिरतच नाही."

तिथे माझं डोकं फिरलं. आत गेले. वाडीवरून आले तेव्हाचा फ्रॉक अंगात कोंबला. काखेत टराटरा उसवला. गणवेश आणून बाईंच्या पायाशी टाकला.

"बा, हा फकस्त तू येतोस तवाच घालत्यात. मी साळा बगितली नाय."

"उलट बोलतेस?" बाई ओरडल्या.

"व्हय."

बापाचा हात धरला आणि निघाले. मोरिवली गाव मागे पडलं. मग बाप म्हणाला, "येवढी शिकल्याली बाई खोटं कशाला बोलंल?"

ते मला गणवेशापेक्षा जास्त लागलं.

आज उल्हासनगरच्या भाजीबाजारात माझा गाळा आहे. अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून, शिव्या खाऊन. भावात मला कुणी फसवत नाही. फसवलं तर माझा आवाज स्टेशनापर्यंत जातो. बाप मरेपर्यंत लोकांना सांगायचा, "पोर डोक्यानं कमी, पन धंद्यात वस्ताद." पेला अजून माझ्याकडे आहे. कोरा. नाव मला आता घालता येतं. घातलं नाही.

परवा गाळ्यावर माणसं वर्गणी मागायला आली. बाईंना आदर्श शिक्षिका म्हणून पुरस्कार मिळालाय, सत्कार आहे. मी म्हटलं, वर्गणी नाही. मी स्वतः येते.

येणार आहे. पेला घेऊन येणार आहे. बाई, शाल अंगावर घ्यायच्या आधी माईकसमोर माझ्या बापाच्या त्या प्रश्नाला उत्तर द्या. त्याची पोर मंद होती का? हो की नाही, एवढंच. आयुष्यभर मी सगळ्यात घासाघीस केली. यात करणार नाही.