रिकाम्या पानांची पंगत

आमच्या मोठ्या काकांजवळ सगळं होतं, धीर तेवढा नव्हता. चहा निवेपर्यंत थांबणं त्यांना जमत नसे. जीभ भाजून घेत आणि वर चहालाच शिव्या देत. उन्हाळ्यात माडीवर आंब्यांची अढी घातली की रोज सकाळी एकेक आंबा दाबून बघत, आणि पिकायच्या आधीच निम्मे आंबे त्यांच्या बोटांनी डागाळत. अमरावतीच्या कोर्टात ते वकिली करत. साक्षीदार अडखळला की त्याचं वाक्य हेच पुरं करत आणि न्यायाधीशांची बोलणी खात. कोर्टात त्यांना 'तोफ' म्हणत, हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. घरात कोणी जरा रेंगाळलं की एकच आरोळी: "आटपा लौकर, कोर्ट उठून राह्यलं!" काकूंच्या देवांनाही ती ऐकावी लागे, आणि रविवारीसुद्धा.

पण आज काका डोळ्यांपुढे आणले की ती आरोळी मागे पडते. दिसतात ते पळसाच्या पत्रावळीसमोर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, गप्प वाट बघत बसलेले काका.

बंडू हा काकांचा एकुलता एक मुलगा. तो गेला तेव्हा मी जेमतेम चालू लागले होते, त्यामुळे मला तो आठवत नाही. त्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी ती काढत नसे. मला ती पुढे आईने सांगितली. मुदतीचा ताप होता. ताप उतरला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की आतडी अजून नाजूक आहेत, पातळ पेजेशिवाय काही द्यायचं नाही. बंडू गोळाभात मागत होता. मोकळा भात, त्यात डाळीच्या भरड्याचे गोळे, वर कढत तेलाची फोडणी, हे आम्हा वऱ्हाडी लोकांचं कौतुकाचं जेवण. पोर रडरड रडलं आणि काकांना ते बघवेना. काकू नको नको म्हणत असताना त्यांनी हट्टाने गोळाभात करायला लावला आणि आपल्या हाताने कालवून भरवला. "ताप तं उतरला ना? पोराले जेऊ द्या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बंडूचं पोट फुगलं, आणि मग डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नाही. काकूंनी नवऱ्याला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर काकांना ते सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. त्या घरात पुन्हा गोळाभात शिजला नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ दादू शाळेसाठी आईबरोबर काकांकडे राहत होतो. वडील दर्यापूरकडची शेती बघत. एका पावसाळ्यात आम्हा दोघांना हगवण लागली ती थांबेचना. डॉक्टर झाले, औषधं झाली. मी तर वाळलेच, पण दादूच्या बरगड्या दिसू लागल्या, आणि आंघोळ घालताना आई तोंड फिरवू लागली. शेवटी काका आम्हाला अकोल्याला जुन्या शहरात एका वैद्यांकडे घेऊन गेले. वैद्यांनी पोटं तपासली आणि म्हणाले, "नुसतं ताक. भात नाही, भाकरी नाही, मीठसुद्धा नाही. मुलं रडतील, रडू द्यावं. पण एक घास चुकून पोटात गेला तर या धाकट्याची मी हमी घेत नाही." काकांनी विचारलं, "किती दिवस?" वैद्य म्हणाले, "मी सांगेन तोवर." आता तोफ सुटणार म्हणून मी काकांकडे पाहिलं. ते दादूच्या बरगड्यांकडे बघत होते. "बरं," एवढंच म्हणाले.

पथ्याचे पहिले दिवस कोणाच्या वैऱ्यावरही येऊ नयेत. आम्ही रडलो, भांडलो, भिंतीला पाय मारले. दादूने तर काका कोर्टाला निघताना ताकाची वाटी त्यांच्या काळ्या कोटावर भिरकावली. काकांनी पंच्याने कोट पुसला आणि आत सांगितलं, "आणखी एक वाटी द्या. कोर्ट थांबते." मग ते खाली बसले आणि घोट घोट करत ती वाटी दादूला पाजली. त्या दिवशी ते खरोखरच उशिरा पोचले आणि बोलणी खाऊन आले.

संध्याकाळी घरी आले की ते स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसत आणि कामाचे कागद तिथेच वाचत. आईचा हात भाकरीच्या टोपलीकडे वळतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आई त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. पण दादू एकदा "आई, एक तुकडा, एकच" म्हणून तिच्या पायाला मिठी मारून बसला, तेव्हा ती दाराआडून म्हणाली, "दादासाहेब, लेकराची दया नाही येत का तुमाले?" बोलली आणि तिने जीभ चावली. काकांनी कागद खाली ठेवले. "दया करून पाह्यली एकदा, बाई," ते म्हणाले. पुढे आई कधी त्या टोपलीकडे वळली नाही.

रिकामी पंगत त्यानंतरची. शेजारी लग्न होतं आणि जेवणाचे वास भिंतीवरून आमच्याकडे येत होते. दादू रडून रडून थकला होता. काका पंगतीला न बसताच परत आले, हातात लग्नघरातल्या कोऱ्या पत्रावळी. ओसरीवर त्यांनी तीन पानं मांडली. दोन पानांवर आम्हाला बसवलं, धोतर खोचलं, काकूंचं रिकामं पातेलं आणि पळी घेतली आणि वाढप्याच्या थाटात विचारलं, "बोल दादू, काय वाढू?"

दादू बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "पुरणपोळी."

"घे. तूप?"

"लय!"

काकांनी रिकामी पळी ओतली. "अजून घ्या, लाजू नोका. सुमे, तुले सांबारवडी? का पाटवडी?" आम्ही हवेचे घास केले, बोटं चाटली, काका आग्रह करत राहिले, आणि मठ्ठा म्हणून ताक आलं ते आम्ही मुकाट्याने प्यालो. "सावकाश होऊ द्या," काका म्हणाले. सगळेच यजमान हे म्हणतात, पण काकांच्या तोंडून ते ऐकून आतल्या घरातल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

मग हे रोजचंच झालं. उपाशी पोरांपुढे पक्वान्नांची नावं घेता, म्हणून आईचा जीव तुटे. काका म्हणत, "बंडूच्या येळी घरात जेवनाचं नाव काढू देल्लं नाही कोनाले. पोराच्या मनात ते साचत गेलं. या पोरायले बोलू द्या." आणि खरंच, नावं घेऊन घेऊन आमचं रडणं कमी झालं.

तिसऱ्या पानाविषयी मात्र कोणी विचारत नव्हतं. त्या पानावर काका एक चांदीची वाटी ठेवत. आम्हाला वाढून झालं की त्या पानाशी वाकत, वाटीवर पळी धरत आणि तोंडाने काही बोलत नसत. अखेर दादूनेच विचारलं, "काका, त्याले काहून नाही विचारत, काय पाह्यजे म्हणून?"

"त्याले काय पाह्यजे ते मले मालूम आहे."

"मग काय वाढलं?"

"पेज."

"पंगतीत पेज?"

"हो. त्याले अजून पेजच."

पंगतीचा रिवाज असा की सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आमचं तर क्षणात होई. मग काका तिसऱ्या पानासमोर बसत. चहा निवेपर्यंत दम नसलेला हा माणूस त्या कोऱ्या पानाकडे बघत बसून राही, आणि आम्हीही हालचाल न करता बसून राहायचो. वाऱ्याने पत्रावळीची कड हलली की मी डोळे मिटून घेई. मला त्या पानाची भीती वाटे, हे मी कोणाला सांगितलं नाही. दादूला वाटत नसे. तो आपला त्या बाजूला थोडी जागा सोडून बसे. पुष्कळ वेळाने काका म्हणत, "उठा आता तुमी." तुम्ही उठा म्हणत. ते स्वतः बसूनच असत.

दादूच्या बरगड्या हळूहळू झाकल्या. एके दिवशी अकोल्याहून निरोप आला की मुलांना मऊ भात द्यायला हरकत नाही. काका कोर्टातून अर्ध्यावर घरी आले आणि अंगणातूनच ओरडले, "आटपा लौकर, भात टाका!" आई हसत होती आणि डोळे पुसत होती. पानं तीनच मांडली गेली. आम्हाला वाफाळता भात आला. दादूने तिसऱ्या पानाकडे बोट दाखवलं, "त्याले नाही?"

"वैद्यांनं तुमच्यासाठी सांगतलं," काका म्हणाले. "त्याच्यासाठी नाही."

पुढे मी लग्न होऊन अकोल्याला गेले. दादू मोठा झाला, शिकायला नागपूरला गेला. काकांची आरोळी पूर्वीसारखी चालू झाली होती, पण आई सांगे की पितृपक्षात नाही, सणावारी नाही, मधेच एखाद्या संध्याकाळी ओसरीवर एक पान मांडलं जातं, वाटी ठेवली जाते, आणि काकू ते आतून बघतात.

काका अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून मी गेले. आता त्यांनाच पेज चालू होती. काकू चमच्याने पाजत होत्या. दोन चमचे घेऊन काकांनी तोंड फिरवलं आणि मला म्हणाले, "सुमे, त्याचं पान मांड."

मी पलंगाशेजारी पत्रावळ मांडली. चांदीची वाटी ठेवली. काकांनी हात उचलू पाहिला, पळी धरायला. तो उचलेना. मी काकूंकडे बघितलं. काकू कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत होत्या. मग त्या वाकल्या आणि त्यांनी ती वाटी उचलून घेतली.

"पुरे झाली पेज," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास आला, मग फोडणी चुरचुरली. काकांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांच्या कानशिलांवरून पाणी वाहत होतं. काकू गोळाभात घेऊन आल्या. पानावर वाढला, गोळे फोडले, वर तेल घातलं, आणि पानासमोर बसून म्हणाल्या, "सावकाश होऊ दे, बंडू."

भाताची वाफ वर येत होती तोवर काका बघत राहिले. वाफ थांबली तरी बघत राहिले. त्यांनी घाई केली नाही. मग ते काकूंना म्हणाले, "झालं त्याचं. आता उठू द्या मले."

त्याच आठवड्यात ते गेले. पण त्या दुपारी, काकांना झोप लागल्यावर, ते पान उचलायला मी किंवा आई कोणी पुढे झालो नाही. काकूंनीच ते उचललं.