शुभेंदूदांचं लॉगिन

भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर नुसती हसत आले. गणित शिकलेली, त्यात नोकरी कॉम्प्युटरवर... त्यामुळे हे लिहितानाही जरा अवघडल्यासारखं होतंय.

सत्तरच्या दशकाची अखेर. वडिलांची बदली त्याआधीच कोलकात्याला झाली होती आणि आम्ही तिथलेच होऊन गेलो होतो. सियालदहजवळच्या एका सरकारी संस्थेत मी कामाला होते. तीन इमारतींत कॉम्प्युटरची टर्मिनलं — पडदे नव्हते, टाइपरायटरसारखं कागदावर उमटायचं. आधी प्रत्येक इमारतीत वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. नुसता सावळागोंधळ! आमचे साहेब शुभेंदूदा यांनी खपून सगळ्यांची नावं एकाच मुख्य मशीनमध्ये आणली. कुठूनही लॉगिन करा, नाव तेच, पासवर्ड तोच. "वन मॅन, वन नेम, माधोबी," म्हणायचे. माधवीची अशी वाट लागली होती, पण त्यांच्या तोंडी ते गोड वाटायचं. दुपार झाली की झालमुडी, म्हणजे तिथली भेळ, मागवून विचारायचे, "चा खाबे?" चहा 'खाणारी' माणसं ती... फार माया केली हो त्यांनी.

त्या हिवाळ्यात शुभेंदूदा हार्ट अटॅकनं अचानक गेले.

माणूस संस्थेत नसला की त्याचं नाव लगेच काढायचं, हा नियम त्यांचाच. मीच काढलं. जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोण कोण लॉगिन आहे ते छापून पाहिलं, तर त्यात शुभेंदूदा! टर्मिनलही त्यांच्याच खोलीतलं. खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. उघडून पाहिलं — टर्मिनल बंद, खुर्ची रिकामी. मुख्य मशीनमध्ये त्यांचं नाव नव्हतंच. मग रोज दुपारी हेच.

नवे डायरेक्टर एकाच नावाच्या या व्यवस्थेवर आधीच खार खाऊन होते आणि सोमवारी पाहणीला येणार होते. गेलेला माणूस लॉगिन दिसला असता, तर त्यांनी सगळं मोडीतच काढलं असतं. शुभेंदूदांचं एवढ्या वर्षांचं काम!

शनिवारी मला राहवेना. जो लॉगिन असेल त्याच्या नावावर दुसऱ्या टर्मिनलवरून निरोप पाठवता यायचा. मी त्यांच्या नावावर बंगालीत टाइप केलं, "दादा, मी सगळं नीट सांभाळीन. तुम्ही आता निघा." डोळ्यांना धार लागली होती.

 मग माझंच टर्मिनल खडखडलं. इंग्रजी अक्षरांत एक बंगाली शब्द — 'आश्छि'.

बंगाली माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'आश्छि' म्हणतो. आपण 'येतो' म्हणतो ना, तसंच.

सोमवारची पाहणी सुरळीत पार पडली, व्यवस्था टिकली. नंतर इंजिनियरनं केबलपासून सगळं तपासलं. बिघाड सापडला नाही. मलाही आजवर काही उलगडलेलं नाही...

त्या शनिवारी मी लगोलग त्यांच्या नावावर मराठीतच टाइप केलं होतं — 'या'.

मशीननं छापलं, शुभेंदू नावाचं इथे कोणी नाही.