मननाखालची पेटी

आमच्या मुदखेडच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि पेला बाकांमधून फिरत असताना मंडळीतला कुणी वडीलधारा चार शब्दांचं मनन सांगतो आणि त्याच्या बोलण्याखाली पेटी हळू वाजत राहते. पेटी मी वाजवते, मनन माझा मोठा भाऊ सांगतो. लोक त्याच्या मननाला डोळे पुसतात. दादाचं बोलणं मी घरी पेटीशिवाय ऐकलंय, शाळेतली नोटीस वाचल्यासारखं वाटतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला त्याला पहिल्यापासून जमतं.

पेटी वाजवणाऱ्याने भाकर सगळ्यांत शेवटी घ्यायची, ही आमच्याकडची पद्धत. हात मोकळे नसतात ना. सगळ्यांचं झालं की दादा ताट घेऊन पेटीपाशी येतो. आई गेल्यापासून मी त्यातलं काही घेतलेलं नाही. तो आला की मी मान हलवून, वाजवतेय, अशी खूण करायची आणि त्याने मागे फिरायचं. मनात अढी ठेवून भाकर घेऊ नये, असं आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. तीन वर्षं झाली, पण वाजवणाऱ्या बाईने खाल्लं की नाही हे कोण बघतं? पेटीच्या आड बसून मी स्वतःला फार प्रामाणिक समजत होते.

अढी आईवरूनच. ती नांदेडच्या दवाखान्यात सोळा दिवस होती. शाळेत रजा टाकून मी तिच्या उशाशी. दादा फोनवरून गोळ्यांची, डॉक्टरांची, सलाइनची चौकशी करायचा आणि मग मलाच सूचना द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. शेवटच्या दिवशी तो जळकोटला प्रार्थनासभेत होता. आई दुपारी गेली, माझा हात धरून. दादा पोचला तोवर आम्ही तिला घरी आणलं होतं.

आणि गेल्या महिन्यात हाच माणूस मननात म्हणाला, "आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. त्या हातातली शांती मी कधी विसरणार नाही."

मी तेव्हा खालच्या सप्तकात अगदी हळू वाजवत होते. सूर छान लागला होता. या खोट्याला गोडी माझ्याच बोटांनी येतेय हे लक्षात आलं आणि अंगाची आग झाली. मी भात्यावरचा हात काढला. पेटीतली हवा संपली, सूर बंद पडला आणि नुसता पंख्यांचा आवाज उरला. दादा वाक्याच्या मधेच अडखळला. आता याचं खोटं उघडं पडणार, असं मला वाटलं. मी मंडळीकडे बघत राहिले.

पहिल्या बाकावरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "लेकराला मायची याद आली बगा. हात चालंना तिचा." मग चार-पाच जणी पदर डोळ्यांना लावून हुंदके द्यायला लागल्या. दादाच्या मननाला इतकं रडू याआधी कधी आलं नव्हतं.

ताट सगळीकडे फिरून झालं होतं. मनन तसंच अर्धं सोडून दादा ते घेऊन माझ्यापाशी आला. आज हात रिकामेच होते, खूण करायची सोय नव्हती. मी खाली बघूनच म्हणाले, "खोटं बोलून राहिलास तू. देवाच्या घरात."

"हाव," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की मला वर बघावं लागलं. "मंग लोकांना काय सांगू? त्या दिवशी तू मला फोनच केला न्हाईस, हे सांगू?"

मी केला नव्हता. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मोबाइल माझ्या हातात होता. आईने दोनदा विचारलं, "थोरला निघाला का?" आणि मी दोन्ही वेळा म्हणाले, "निघालाय माय, येऊन राहिलाय." सोळा दिवस आला नाही, आता कशाला येतो, जन्मभर जळत बसू दे, असं मनाशी पक्कं करून मी तो मोबाइल पर्समध्ये टाकला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत मी तीन वर्षं दादाच्याच चुका सांगत आले. आई त्याची वाट बघत गेली, आणि वाट बघायला मीच लावलं.

दादा ताट धरून उभा होता. त्याने ते मागे घेतलं नाही आणि माझाही हात पुढे झाला नाही. मंडळी वाट बघत होती. शेवटी मी भात्यावर हात ठेवला आणि वाजवायला लागले. तो पुढे जाऊन उभा राहिला. आईच्या हाताची गोष्ट त्याने शेवटपर्यंत सांगितली आणि मी शेवटपर्यंत साथ दिली.