पाठ फिरवलेला सिंह

१२ जून १९९६. सकाळपासून अण्णाचं टेबल रिकामं करत होते. तो जाऊन पाच आठवडे झाले, खोली आता भाच्याला लागणार. तेवढ्यात फोन वाजला. जयनगरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. "राव सरांना सांगा, यंदा गणवेशाचा रंग बदलतोय, बिल्ले सगळे नवेच होणार. त्यांचा तो सिंह आता फिरवला तरी चालेल."

"ते वारले," मी म्हटलं. "केव्हा?" त्यांनी विचारलं. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगून सांगून आता जीभ शिणली आहे.

अण्णा म्हणजे वसंत राव, माझा थोरला भाऊ. चिकपेटेत आमचं पिढीजात शिवणाचं दुकान. गणवेश शिवता शिवता तो खिशावरच्या बिल्ल्यांची चित्रं काढू लागला. त्या वर्षांत प्रत्येक नव्या लेआउटमध्ये, नव्या वसाहतीत, शाळा निघत होती, आणि परवा पत्र्याखाली सुरू झालेल्या शाळेलाही ढाल, सिंह आणि लॅटिन ब्रीदवाक्य हवं असे. देवनहळ्ळीच्या एका संस्थाचालकाला ढालीवर विलायती गुलाब हवे होते. अण्णा म्हणाला, "स्वामी, तुमच्याकडे चकोतरे, ती मोठाली पपनसं, पिकतात. दोन चकोतरे घाला, गाव ओळखेल." ते रागावून निघून गेले. "घालवलंस गिऱ्हाईक," मी म्हटलं. "स्वल्प थांब, सुमे. गुलाब सुकले की येतील." आले नाहीत.

ढालीवरच्या प्राण्याने ढाल धरणाऱ्याच्या उजव्या हाताकडे बघायचं, हा नियम त्याने कुठल्याशा जुन्या पुस्तकातून उचलला होता आणि तो सोवळ्यासारखा पाळत असे. जयनगरच्या शाळेचंच काम तेवढं बिघडलं. चित्र ट्रेसिंगच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी सारखंच दिसणारं. जूनच्या घाईत त्याने स्वतःच कागद उलट्या बाजूने भरतकामाला दिला. पुढे प्रार्थनेला उभ्या मुलांच्या खिशांवर त्याला ते दिसलं. घरी येऊन जेवला नाही. "सगळे सिंह पाठ फिरवून पळताहेत गं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन त्याने मुख्याध्यापिकांपाशी चूक कबूल केली. बाई म्हणाल्या, "कुणाच्या लक्षात येतंय, सर? धाकटी भावंडं थोरल्यांचेच बिल्ले लावतात. एका घरात दोन तऱ्हेचे सिंह नकोत." त्यांचंही खरंच होतं. मग दर मे महिन्यात हा विचारायला जाई, त्या नाही म्हणत, आणि हा आपल्या हाताने तोच उलटा सिंह भरायला पाठवी. एकदा मी वैतागून म्हटलं, "गुपचूप फिरव की! कोण बघतंय?"

"ढाल त्यांची आहे," तो म्हणाला. "चूक तेवढी माझी."

फोन ठेवल्यावर खणात सिंहाचं ते ट्रेसिंगवरचं चित्र सापडलं. कागदावर कुठली बाजू वर याची खूण कसलीच नाही.

१३ जून. सकाळी तो कागद छातीशी धरला, सिंहाचं तोंड माझ्या उजव्या हाताकडे केलं, पेनाने कोपऱ्यात 'ही बाजू वर' लिहिलं आणि कॉटनपेटेत रहमतभाईंच्या भरतकामाच्या मशीनपाशी गेले. "रख के जाओ अक्का, शाम कू ले लेओ," ते म्हणाले.

"सरी, बरं," मी म्हटलं, आणि स्टूल ओढून बसले. त्यांनी आधी आयाळ भरली, मग जबडा. ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे. पंजा, शेपूट, सगळं भरून होईपर्यंत बसले आणि मग उठले.