टाकी भरली की येणारा वास

पिकअपमध्ये पहिल्यांदा पेट्रोलचा वास आला तेव्हा मला वाटलं, माझ्याच पदराला पेट्रोल लागलं असेल. लग्नकार्यांना भांडी भाड्याने देण्याचा माझा छोटासा व्यवसाय होता. घर बालाजी घाटाच्या गल्लीत, गाडी मात्र मैदागिनच्या चौकात उभी. पेट्रोलवर चालणारी ती जुनी पिकअप मी स्वतः चालवायचे. नव्वदच्या दशकातलं बनारस. बाई पिकअप चालवते म्हणून लोक चहाचा कुल्हड हातात धरून बघत राहायचे. लोकांच्या बघण्याची मला सवय झाली होती, त्या वासाची मात्र होईना.

एका लग्नघरी पातेली उतरवून घेत होते, तर हलवाई भट्टीपासून ओरडला, "बहनजी, गाड़ी दूर लगाइए! सबको फूँक देंगी क्या?" सगळे हसले. मीही हसले आणि गाडी भट्टीपासून लांब नेऊन लावली.

मिस्त्रीने टाकीचं झाकण बदललं. वास गेला. मी खुशीत आले, आणि टाकी भरल्यावर वास परत हजर! मग त्याने कार्ब्युरेटर साफ केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तर म्हणतो, "वहम है आपका."

मी घरी येऊन तणतणले. माझे सासरे संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गाडीतलं त्यांना स्टिअरिंगपलीकडे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सूनबाई, वास कधी येत नाही?"

"म्हणजे?"

"येतो कधी ते तू सगळ्यांना सांगतेस. येत नाही तेव्हा काय असतं?"

मी जरा आठवून पाहिलं. "मामंजी, टाकी अर्धी झाली की येत नाही!"

"आणि झाकण बदललंस तेव्हा?"

"तेव्हाही अर्धीच होती." मला हसू फुटलं. त्या झाकणाला उगाच श्रेय दिलं होतं.

म्हणजे गळती टाकीच्या वरच्या अंगाला होती. पण नेमकी कुठे? घरी गॅसच्या नळीला आपण साबणाचं पाणी लावून बघतो, तसंच करायचं मी ठरवलं. सकाळी टाकी भरली आणि गाडी उन्हात तापू दिली. मामंजी धोतर खोचून साबणाची वाटी धरून उकिडवे बसले, मी दाढीच्या ब्रशने फेस लावू लागले. बघता बघता गर्दी जमली.

"चाचाजी, गाड़ी का मुंडन है क्या?" कुणीतरी विचारलं. एकजण विडी ओढत पुढे सरकला, त्याला मामंजींनी असं झापलं की तो विडीसकट पळाला.

पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडे जाणाऱ्या रबरी पाइपला, वळणाच्या खालच्या बाजूने, एक बुडबुडा फुगला. फुटला. लगेच दुसरा फुगला.

"सापडला!" मामंजी ओरडले, आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या.

मिस्त्रीने येऊन पाइप वाकवला, तशी केसाएवढी चीर उघडली. "हम तो ऊपरै-ऊपर देखे थे," म्हणत तो मोकळेपणाने हसला आणि त्याच दिवशी नवा पाइप बसवला.

पुन्हा टाकी भरून आम्ही दोघं रामनगरकडे निघालो, परीक्षा म्हणून काचा घट्ट बंद करून. मे महिन्याचं ऊन होतं. पूल ओलांडेपर्यंत घामाच्या धारा लागल्या. दोघंही नाक वर करून हुंगतोय. वासाचा मागमूस नव्हता.

"मामंजी, झाली ना खात्री?"

"झाली, झाली," ते उपरण्याने वारा घेत म्हणाले. "आता काच उघड बाई, नाहीतर सिद्धांत उरेल आणि मी जाईन!"