हौसाबाईंचा रस्सा

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची बाटली उघडली आणि मासळीसारखा वास आला. वर लिहिलंय, खेकड्याच्या कवचापासून बनवलेल्या.

वीस वर्षांपूर्वी माझा हात मोडला, तेव्हा आमच्याकडे भांडी घासणाऱ्या हौसाबाईंनी पेठच्या ओढ्यातले खेकडे धरून रस्सा आणला होता. त्यांच्या बोटांवर नांग्यांचे ओरखडे होते. "लय ताकद असती याच्यात, बाई."

वासानेच मी तो कुत्र्याला घातला. एका हाताने डबा विसळला, रिकामा देऊ नये म्हणून साखर भरली आणि "छान झाला होता," म्हणत परत केला.

फाटकापाशी कुत्रा नांग्या चघळत होता. हौसाबाई थबकल्या.

"असू द्या, बाई. त्यालाबी ताकद लागती."

आता डॉक्टरांनी दिलंय, म्हणून नाक न मुरडता गिळते.